जात कशास म्हणावे?

मराठी भाषेत 'जात' हा एकच शब्द पाखरासही लागतो आणि माणसासही लागतो. तांदळाची जात, आंब्याची जात, पोपटाची जात असे आपण ज्या सहजतेने म्हणतो त्याच सहजतेने शेजाऱ्याची जात विचारतो. आणि विचारण्याचे धैर्य नसल्यास आडनावावरून ती ताडून पाहतो. एका शब्दाने दोन वस्तू दाखविल्या म्हणजे त्या वस्तूही एकाच प्रकारच्या असाव्यात असे मन समजू लागते, हा भाषेचा नेहमीचा धर्म आहे. म्हणून पक्षिशास्त्रज्ञ पाखरांच्या जाती कशा ठरवितात हा प्रश्न मराठी वाचकास केवळ प्राणिशास्त्रातला प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही. शास्त्रज्ञ ज्या जाती सांगतो त्या सृष्टीत आधीच असून तो त्या फक्त शोधून काढतो काय? की सृष्टीत असंख्य व्यक्ती तेवढ्या असून जाती आपण आपल्या सोयीसाठी पाडतो? या प्रश्नाचे उत्तर बेसावधपणे दिल्यास त्याची किंमत पाखरांना द्यावी लागते आणि माणसांनाही द्यावी लागते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

आरंभ आपल्या अंगणापासूनच करू. पनवेलच्या दक्षिणेस मुंबई-गोवा रस्त्याला लागून कर्नाळ्याचे रान आहे. १९६८ साली ते पक्षी अभयारण्य म्हणून राखले गेले. या रानात व भोवतालच्या वाड्यांतून ज्या नावांनी पाखरे ओळखली जातात त्या नावांकडे क्षणभर लक्ष द्यावे. झाडाच्या खोडावर चोचीने घाव घालणारा तो सुतार. दुपारच्या उन्हात तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडल्यासारखा टुक टुक आवाज काढणारा तो तांबट. पाने टाचून घरटे करणारा तो शिंपी. पाणवठ्याशी शेपूट आपटीत फिरणारा तो परीट. भक्ष्य काट्याला टोचून ठेवणारा तो खाटीक. घारी-कावळ्यांना हुसकावून लावणारा तो कोतवाल. म्हणजे गावगाड्यातील बलुतेदारांची सारी यादी कोणी झाडावर नेऊन बसविली आहे! आपल्या पूर्वजांना रानातही गावच दिसला असे म्हणून हसण्याचा मोह होतो. परंतु ही नावे अज्ञानाची नव्हेत. त्यांतील प्रत्येक नावाच्या मागे दीर्घ निरीक्षण आहे, आणि ज्याला पाखरू आवाजाने व वागणुकीने ओळखावयाचे आहे त्याला त्यांहून चांगली नावे मिळणार नाहीत.

हेतू बदलला म्हणजे विभागणीही बदलते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मांसवर्गाचे विवरण आहे. तेथे प्राण्यांचे वर्ग त्यांच्या खाण्याच्या रीतीवरून व वसतिस्थानावरून केले आहेत. चोचीने टोचून खाणारे ते प्रतुद, पायांनी उकरून खाणारे ते विष्किर, हिसकावून वा झडप घालून खाणारे ते प्रसह, बिळात राहणारे ते भूमिशय, पाणथळीत वावरणारे ते आनूप. या योजनेत गाय, घोडा, वाघ, सिंह, कावळा आणि घुबड ही सर्व मंडळी प्रसह या एकाच वर्गात येतात. आजच्या विद्यार्थ्याला हे विलक्षण वाटेल. पण चरकाला प्राण्यांची वंशावळ लिहावयाची नव्हती, रोग्याला पथ्य सांगावयाचे होते. जन्माच्या प्रकारावरून अंडज, जरायुज, स्वेदज व उद्भिज्ज हे भेद करणाऱ्यांचा हेतू आणखी निराळा होता. अंड्याच्या रूपाने एकदा व अंडे फोडून दुसऱ्यांदा जन्म घेणाऱ्या पाखरास संस्कृतात 'द्विज' म्हणतात, आणि उपनयनाने दुसरा जन्म पावलेल्या ब्राह्मणासही 'द्विज'च म्हणतात. वर्गीकरण करणारा ज्या बाजूस उभा राहील त्या बाजूने वस्तूंचे पुंजके पडतात, हे यावरून स्पष्ट व्हावे.

इतक्यावरून पुष्कळ विद्वान असा निष्कर्ष काढतात की, सर्वच वर्ग सोयीचे. सृष्टीत व्यक्तींखेरीज काही नाही. हा निष्कर्ष घाईचा आहे. कारण वर्गीकरणाचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतील भेद फळावरून ओळखता येतो. एका प्रकारात आपण जेवढे घालतो तेवढेच बाहेर निघते. 'निळ्या रंगाचे पक्षी' असा वर्ग केला तर त्यातील पक्षी निळे आहेत याहून अधिक त्यांच्याविषयी काही कळत नाही. दुसऱ्या प्रकारात आपण थोडे घालतो आणि न मागता पुष्कळ मिळते. सुतार व तांबट यांची पावले सारखी पाहून कोणी त्यांना एकत्र ठेवले, तर दोघेही झाडाच्या ढोलीत घर करतात व पांढरी अंडी घालतात, एवढेच नव्हे तर त्यांच्या शरीरातील रेणूही आप्तसंबंधाचीच साक्ष देतात, असे पुढे आढळते. लिनेअसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना जोडनावे दिली, तेव्हा या अधिक मिळण्याचे कारण कोणासही ठाऊक नव्हते. १८५९ साली डार्विनने ते सांगितले. प्राण्यांचे नैसर्गिक वर्ग म्हणजे त्यांच्या वंशवृक्षाच्या फांद्या होत; साम्य हे नात्याचे चिन्ह आहे, आणि वर्गाचा खरा आधार साम्य नसून नाते आहे.

आधार नाते आहे असे एकदा ठरल्यावर डोळ्यांची साक्ष वरिष्ठ न्यायालयात फिरू शकते. भिंगरी आणि पाकोळी यांना हवेत एकत्र गिरक्या घेताना पाहून त्या सख्ख्या बहिणी आहेत असे कोणीही म्हणेल. वस्तुतः भिंगरी ही चिमणी-बुलबुलांच्या गोतातली, तर पाकोळीचे गोत अमेरिकेतील गुंजनपक्ष्यांशी जुळते. ससाणा हा घारीचा भाऊ असावा हे सर्वांनी शेकडो वर्षे गृहीत धरले होते; २००८ साली पक्ष्यांच्या पुष्कळशा कुळांची जनुके एकत्र तपासण्यात आली तेव्हा तो घारीपेक्षा पोपटाच्या व गाणाऱ्या पाखरांच्या अधिक जवळचा ठरला. पावसाळ्यात कर्नाळ्याच्या ओहळांच्या काठी बिळे करून पिले वाढविणारा, रायगड जिल्ह्याचा मानचिन्हपक्षी झालेला तिबोटी खंड्या घ्या. पायाला चार बोटांऐवजी तीनच बोटे असणे हे किती ठसठशीत लक्षण! परंतु चौथे बोट गमावण्याची घटना खंड्यांच्या कुळात एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडली आहे, असे रेणूंच्या अभ्यासातून दिसून आले. तीन बोटांवरून नाव ठेवता येते, नाते ठरविता येत नाही.

येथे आपल्या न्यायशास्त्राचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. भिन्न भिन्न व्यक्तींच्या ठिकाणी एकसारखी बुद्धी जी उत्पन्न करते ती जाती, अशा आशयाचे लक्षण गौतमाने केले. परंतु प्रत्येक समान धर्म ही जाती नव्हे, हे नैयायिकांच्या लवकरच ध्यानात आले; आणि दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी जातीला बाधक होणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या. त्यांतील एक बाधक 'संकर' हे आहे. दोन धर्म असे असले की, काही ठिकाणी पहिला आहे पण दुसरा नाही, काही ठिकाणी दुसरा आहे पण पहिला नाही, आणि काही ठिकाणी दोन्ही आहेत, तर त्यांना जाती मानता येत नाही. ते केवळ उपाधी होत. भूतत्व व मूर्तत्व हे याचे प्रसिद्ध उदाहरण. आकाश भूत आहे पण मूर्त नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही, पृथ्वी दोन्ही आहे. आता वंशवृक्षाकडे पाहावे. झाडाच्या दोन फांद्या घेतल्या तर एक दुसरीत पूर्णपणे सामावलेली असते, किंवा दोन्ही पूर्णपणे वेगळ्या असतात. त्या एकमेकींस अर्धवट छेदू शकत नाहीत. म्हणजे नाते हा आधार धरला तर वर्गांत संकर उद्भवत नाही, आणि रंग, बोटे, खाण्याची रीत हे आधार धरले तर तो पदोपदी उद्भवतो. निव्वळ तर्काच्या बळावर घडविलेली ही कसोटी व डार्विनच्या विचारातून निघणारी कसोटी एकाच ठिकाणी येऊन मिळावी, हा योग सामान्य नव्हे.

तथापि शास्त्रज्ञाच्या यादीतील सर्वच पायऱ्या सारख्या खऱ्या आहेत असे मानणे चुकीचे होईल. या दृष्टीने आपल्या महाराष्ट्रातील रानपिंगळ्याची हकीकत फार बोधप्रद आहे. १८७२ साली ब्ल्युइट या गृहस्थांनी आजच्या छत्तीसगडच्या भागात एक लहानसे घुबड मिळविले. पुढल्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याच्यासाठी 'हेटरोग्लॉक्स' अशी स्वतंत्र प्रजाती निर्माण केली. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशात त्याचे आणखी नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाच्या खात्रीलायक नजरेस पडला नाही. सलीम अली व डिलन रिप्ले यांनी आपल्या दहा खंडांच्या ग्रंथात त्याची गणना नेहमीच्या पिंगळ्याच्या 'अथीनी' प्रजातीत केली. तो सापडेना याचे एक कारण मोठे लाजिरवाणे होते. कर्नल माइनर्ट्झहागेन या प्रतिष्ठित पक्षितज्ज्ञाने डेव्हिडसन यांनी मिळविलेला एक नमुना ब्रिटिश संग्रहालयातून लांबवून, तो नव्याने भरून, १९१४ साली गुजरातेत आपणच मिळविला अशी चिठ्ठी त्याच्या पायाला बांधली होती. या खोट्या चिठ्ठीने शोध करणाऱ्यांचे लक्ष भलत्या प्रदेशाकडे व भलत्या काळाकडे वळविले. पामेला रासमुसेन यांनी हे कपट उघडकीस आणले, खोटी चिठ्ठी बाजूस सारली, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्यानजीक आपल्या दोन सहकाऱ्यांसह रानपिंगळा जिवंत पाहिला. एकशेतेरा वर्षांनी! त्यानंतर त्याला पुन्हा स्वतंत्र प्रजातीचा मान देण्यात आला. आणि २०१८ साली भारतीय संशोधकांनी जनुकांच्या आधारे तो 'अथीनी'च्या गोतातच बसतो असे दाखवून दिले.

या हकीकतीत काय बदलले व काय बदलले नाही, हे निवडून पाहिले पाहिजे. प्रजातीचे नाव एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन परत आले. कोणत्या फांदीला 'प्रजाती' म्हणावे, कोणत्या जाड फांदीला 'कुल' म्हणावे, हे वृक्षावर लिहिलेले नसते. ते विद्वानांनी आपापसांत ठरवावयाचे असते. परंतु रानपिंगळा हा साध्या पिंगळ्याहून वेगळा आहे, त्याचा आवाज वेगळा, त्याचा वंश वेगळा, हे ह्यूमच्या काळी खरे होते, तो हरवला होता तेव्हा खरे होते, आणि आजही खरे आहे. फांदी खरी, तिच्यावर लावलेली पाटी आपली.

खालच्या पायरीला, म्हणजे जातीला, अधिक बळकट आधार आहे याचा एक सुंदर पुरावा एर्न्स्ट मायर या शास्त्रज्ञाच्या अनुभवात मिळतो. १९२८ साली तो न्यू गिनीच्या डोंगरात गेला असता त्याला पक्ष्यांच्या १३७ जाती आढळल्या. तेथील रहिवाशांपाशी त्यांच्यासाठी १३६ नावे होती. फक्त दोन जातींत त्यांचा घोटाळा होत असे. जर्मनीत शिकलेला एक तरुण व डोंगरात जन्मलेले शिकारी, ज्यांची भाषा एक नाही, ग्रंथ एक नाही, हेतू एक नाही, ते स्वतंत्रपणे तीच विभागणी करतात, तेव्हा ती विभागणी केवळ त्यांच्या डोक्यात आहे असे म्हणता येत नाही. परस्परांस अनोळखी असलेल्या परीक्षकांचे एकमत हीच सापडलेल्या जातीची ओळख होय.

येथे एक शंका उपस्थित होते, आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जातींच्या सीमा कित्येकदा पुसट असतात. हिवाळ्यात सह्याद्रीतील रानांत व कोकणातील आमराईत उत्तरेकडून एक बारीक हिरवट वटवट्या येतो. त्याची विणीची ठिकाणे हिमालयापासून सायबेरियापर्यंत, तिबेटच्या पठाराला दोन्ही बाजूंनी वळसा घालून पसरलेली आहेत. शेजारच्या शेजारी घराणी एकमेकांत मिसळतात, त्यांची गाणी हळूहळू बदलत जातात. पण वळशाची दोन टोके सायबेरियात पुन्हा भेटतात तेव्हा तेथील पाखरे एकमेकांचे गाणे ओळखीत नाहीत आणि सहसा जोडपी बांधीत नाहीत. मग जात एक की दोन? आपला तिबोटी खंड्याही या बाबतीत निर्दोष नाही. काळ्या पाठीचा व तांबड्या पाठीचा अशी त्याची दोन घराणी मलाया व बोर्निओ येथे एकमेकांत मिसळलेली आढळतात, आणि त्यांना कोणी एक जात मानीत, कोणी दोन. म्हणजे उदयनाचार्यांचा संकर येथे प्रत्यक्ष देह धारण करून उभा राहतो. परंतु यावरून एवढेच सिद्ध होते की वंशवृक्षाचे कोवळे शेंडे अजून पुरते अलग झालेले नाहीत. फुटत असलेल्या फांदीचे शेंडे एक की दोन हे सांगता येत नाही, म्हणून वडाला फांद्याच नाहीत असे कोणी म्हणत नाही. सीमेवरचा धूसरपणा हा जातीच्या अभावाचा पुरावा नसून ती घडत असल्याचा पुरावा आहे.

आता या विवेचनाचा व्यवहाराशी संबंध पाहू. लांब चोचीचे गिधाड ही एक जात समजली जात असे. रासमुसेन व पॅरी यांनी २००१ साली दाखविले की त्या दोन जाती आहेत. एक द्वीपकल्पातील कड्यांवर घरटी करते; दुसरी उत्तरेकडील व पूर्वेकडील प्रदेशात झाडांवर करते. हा भेद नुसत्या विद्वत्तेचा असता तर कोणास त्याचे एवढे महत्त्व वाटले नसते. परंतु त्याच सुमारास जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने देशातील गिधाडे लक्षावधींच्या संख्येने मरत होती. हे कारण २००४ साली सिद्ध झाले व २००६ साली जनावरांसाठी त्या औषधास भारतात बंदी झाली. दोन जातींची गणती एकत्र होत राहिली असती तर झाडावर घरटे करणारी जात किती थोडी उरली आहे हे त्या बेरजेत दडून गेले असते. बरोबर पाडलेली रेघ प्राण वाचविते ती अशी.

आणि चुकीची रेघ प्राण घेते तीही पाहावी. सोलापूरकडील गवताळ माळराने ही सरकारी दप्तरात दीर्घकाळ 'पडीक' म्हणून गणली गेली. 'पडीक' हा शब्द ऐकताच ती भूमीची एखादी नैसर्गिक जात असावी असे वाटते. जणू काही न उगवणे हा तिचा स्वभावच. वस्तुतः तिच्यावर सरकारास सारा मिळत नाही एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता. तेथे गवत होते, मेंढपाळांची चराई होती, लांडगे व काळवीट होते, आणि माळढोक होता. जमीन पडीक ठरली की तिच्यावर झाडे लावणे, नांगर धरणे, कारखाना काढणे या सर्व गोष्टी सुधारणा ठरतात. १९७९ साली माळढोकासाठी नान्नजचे अभयारण्य झाले. तरीही आज तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्याच्या नाशाची कारणे अनेक आहेत. परंतु एका शब्दाने त्याचे घर आधीच रिकामे ठरवून ठेवले होते, हे त्यांतील लहान कारण नव्हे.

यावरून एक नियम बांधता येईल असे मला वाटते. पाडलेला वर्ग हा वाईट असतो असे नाही. चरकाचा प्रसह वर्ग पाडलेला होता आणि उपयुक्त होता. 'संकटग्रस्त' हा वर्गही माणसांनीच संख्या ठरवून पाडलेला आहे आणि तो अत्यंत आवश्यक आहे. परंतु पाडलेल्या वर्गावर एक जबाबदारी असते. कोणी पाडला, कशासाठी पाडला, आणि तो हेतू अद्याप टिकून आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याने केव्हाही दिली पाहिजेत. सापडलेल्या जातीला हे प्रश्न लागू पडत नाहीत. रानपिंगळा कशासाठी आहे असे विचारणे व्यर्थ आहे. दोष उत्पन्न होतो तो पाडलेला वर्ग सापडलेल्या जातीचे सोंग घेऊन या तीन प्रश्नांतून सुटू पाहतो तेव्हा. पडीक जमीन हे असे एक सोंग होते. माणसांची जात हे त्याहून फार मोठे व फार जुने सोंग आहे.

हे प्रथम कोणी ओळखले हे सांगणे कठीण. पण सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात ते अतिशय निर्मळपणे मांडलेले आहे. धर्मानंद कोसंबी यांच्या लेखनामुळे पाली वाङ्मय मराठी वाचकांस परके राहिलेले नाही. जन्माने ब्राह्मण होतो की कर्माने, हा वाद घेऊन दोन तरुण बुद्धाकडे येतात. बुद्ध त्यांना धर्मशास्त्रातले प्रमाण देत नाही. तो त्यांच्यापुढे वर्गीकरणच ठेवतो. गवत व झाडे, किडे, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी यांच्यात जन्मसिद्ध अशी निरनिराळी लक्षणे आहेत. माणसांत तशी नाहीत, तेथील भेद व्यवहारातील नावांचे आहेत, असे तो दाखवितो. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद आजच्या प्राणिशास्त्रज्ञासही शब्द फारसा न बदलता मान्य व्हावा.

विरुद्ध पक्षही दुबळा नव्हता. कुमारिलभट्टादी मीमांसकांनी ब्राह्मणत्व ही खरी जाती असून आईबापांचे ज्ञान झाल्यावर तिचे प्रत्यक्ष होते, असे प्रतिपादन केले. यावर बौद्धांचा आक्षेप साधा होता. जी सांगितल्याखेरीज दिसत नाही ती जाती कसली? कोणी म्हणेल, रानपिंगळा व पिंगळा यांतील भेदही नवख्यास सांगितल्याखेरीज दिसत नाही. खरे आहे. परंतु तेथे सांगणारा वाट दाखवितो, आणि पाहणारा मग स्वतः पडताळा घेऊ शकतो. सांगणाऱ्याने खोटी चिठ्ठी बांधली तर ती एक ना एक दिवस उघडी पडते. पनवेलच्या बाजारातील गर्दी न्यू गिनीच्या त्या शिकाऱ्यांपुढे उभी केली आणि हिच्या जाती लावा म्हटले, तर त्यांना एकही रेघ आपल्या रेघेशी जुळविता येणार नाही. येथे चिठ्ठीच्या मागे पक्षीच नाही. केवळ चिठ्ठीवर चिठ्ठी आहे.

इंग्रजी अमदानीत या चिठ्ठ्यांना शास्त्राची मुद्रा देण्याचा उद्योग झाला. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदी-लांबीच्या प्रमाणावरून जातींची उतरंड लागते असे मांडले. गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती मापेच पुन्हा तपासली व उत्तर हिंदुस्थानाबाहेर जातींची उतरंड आणि शरीराची मापे यांचा मेळ बसत नाही असे दाखविले. पक्ष्यांसाठी केलेले मोजमाप माणसांना लावले म्हणून ते शास्त्र होत नाही. ज्या उत्तरासाठी मोजावयाचे ते उत्तर आधीच ठरलेले होते.

याहून कठोर उदाहरण १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचे आहे. १९११ च्या सुधारणेने तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करता येऊ लागला. काही जमातींत जन्मास येणारे मूल हे जन्मतःच गुन्हेगार समजावे, हे त्याचे तत्त्व. घारीने झडप घालावी व खाटकाने भक्ष्य काट्याला टोचावे तसा चोरी हा या माणसांचा स्वभाव ठरविण्यात आला. आपल्याकडील फासेपारधी या यादीत होते. पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून तित्तिर-लावे धरणारे हे लोक. कोणते पाखरू कोठे बसते, केव्हा बोलते, अंडी कोठे घालते, याचे त्यांना असलेले ज्ञान पुस्तकी पंडितास दुर्लभ आहे. ज्यांना पाखरांच्या जाती खऱ्या अर्थाने कळत होत्या त्यांनाच एका खोट्या जातीत कोंडण्यात आले. १९५२ साली कायदा रद्द झाला व त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. परंतु चोरी झाली की पोलिसांची पहिली नजर कोठे वळते हे सर्वांस ठाऊक आहे. दप्तरातून चिठ्ठी काढली तरी मनातून ती निघत नाही.

मग जात ही सृष्टीत नाही एवढे सिद्ध झाल्यावर तिचे नावही उच्चारू नये, असे म्हणणारा एक पक्ष आहे, आणि त्याचा हेतू पुष्कळदा चांगला असतो. परंतु 'पाडलेले' म्हणजे 'नसलेले' नव्हे. शेताचे कुंपण निसर्गाने घातलेले नसते, तरी त्याचे काटे बोचतातच. २०२५ साली केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचे जाहीर केले, तेव्हा अनुकूल व प्रतिकूल असा मोठा वाद झाला. वर सांगितलेला नियम या वादात उपयोगी पडेल. कोणाला किती काटे बोचले हे मोजण्यासाठी कुंपणाची मोजणी केली तर तिच्यात विसंगती नाही. विमुक्तांना 'विमुक्त' म्हटल्याखेरीज त्यांचे देणे फेडता येत नाही. त्याच मोजणीच्या आधाराने कोणी कुंपणाला डोंगर म्हणू लागला, आपल्या जातीचे गुण रक्तातच आहेत असे सांगू लागला, की तेथे माइनर्ट्झहागेनचे काम सुरू झाले असे समजावे. कोणी, कशासाठी, आणि कोठपर्यंत, हे तीन प्रश्न त्या मोजणीस पुन्हा पुन्हा विचारले पाहिजेत. आणि ज्या दिवशी कुंपण राहणार नाही त्या दिवशी ती मोजणीही थांबली पाहिजे.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्यासारख्या अरण्यवासी लेखकाने आयुष्यभर पाखरांची नावे गोळा केली व आपल्या पक्षिकोशात ती ग्रथित केली. नावे गोळा करणे व माणसांना नावे ठेवणे यांत जे अंतर आहे तेच सापडलेल्या जातीत आणि पाडलेल्या जातीत आहे. पहिल्या कामात नाव वस्तूपुढे नम्र असते. वस्तू निराळी निघाली तर नाव बदलावे लागते, आणि बदलण्यात शास्त्रज्ञास कमीपणा वाटत नाही. दुसऱ्या कामात वस्तूने नावापुढे नम्र व्हावे अशी अपेक्षा असते. माणूस निराळा निघाला तरी नाव बदलत नाही, माणूसच बदलला पाहिजे किंवा त्याने गप्प राहिले पाहिजे. वर्गीकरण हे मनुष्यबुद्धीस टाळता येणार नाही, कारण त्यावाचून विचारच करता येत नाही. आपल्या हाती एवढेच आहे की, प्रत्येक वर्ग वापरताना नम्र कोणी व्हावयाचे, नावाने की वस्तूने, याचा निर्णय आधी करावा. पाखरांच्या बाबतीत शास्त्राने तो निर्णय केला आहे. माणसांच्या बाबतीत तो अजून आपल्याला करावयाचा आहे.